रायरेश्वरला जाताय? आधी एक फोन करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्ये तुमच्या रविवारच्या पुरवणीत रायरेश्वरवर अर्धं पान आलं होतं. सोनकीने पिवळंधमक झालेल्या पठाराचा मोठा फोटो आणि खाली चौकट, कसे जाल, काय पाहाल. ती चौकट मोबाईलमध्ये टिपून ठेवली आणि मागच्या रविवारी मी आणि बायको अॅक्टिव्हावर जाऊन आलो. ट्रिप झकास झाली, त्याबद्दल आधी थँक्यू. पण चौकटीत एक गोष्ट राहिलीय, तेवढ्यासाठी हे पत्र.

सकाळी सहाला धनकवडीतून निघालो. कापूरहोळला हायवे सोडला की ट्रकांचा आवाज मागे पडतो आणि भाताचा वास यायला लागतो. भोरला मिसळ, मग आंबवड्यात संस्थानच्या काळातला झुलता पूल बघायला थांबलो, तो मधोमध गेल्यावर हलतो, हिला म्हटलं मला काही वाटत नाही, खोटं होतं. कोर्ल्याच्या पुढे मात्र चढ असा की डबलसीट अॅक्टिव्हा रडायलाच लागली, दोन वळणांवर बायकोला उतरून चालावं लागलं आणि ती वर माझ्या आधी पोचली, हे घरी सगळ्यांना सांगून झालंय. रायरेश्वर आणि केंजळगडाच्या मधल्या खिंडीत गाडी लावली, पुढे पायऱ्या आणि लोखंडी शिडी.

शिडीपाशी आमच्या पुढे एक मावशी होत्या, डोक्यावर किराण्याचं पोतं, एक हात कठड्याला. आम्ही पाठीवरच्या सॅकनेच घामाघूम. मी म्हटलं, मावशी, द्या थोडं. त्यांनी साखर-मिठाची पिशवी दिली आणि म्हणाल्या, "धरा, पन सोताबी पडू नका." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की वर जे काही आहे ते सगळं असंच गेलंय. मीठ, तेल, गॅसची टाकी, पत्रे, सिमेंट. मध्ये गावकऱ्यांनी ट्रॅक्टर सुटा करून या वाटेने वर चढवला होता, पेपरात फोटो आले होते, तेव्हा आपण भारी म्हणून फॉरवर्ड केले, आणि विषय संपला.

वर पठार केवढं आहे ते फोटोत कळत नाही. एका बाजूला धोम धरणाचं पाणी, समोर केंजळगड, आणि मधे नाचणीची वावरं. चौथीच्या इतिहासात शिकलेलं ते शिवरायांच्या 1645 सालच्या शपथेचं देऊळ प्रत्यक्षात अगदी साधं, आत थंडगार अंधार. वस्ती जंगम मंडळींची, महादेवाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे. पायाखालची माती चार पावलांवर रंग बदलते, सात रंगांची म्हणतात, मी पाच मोजले.

जेवायला त्या मावशींकडेच गेलो. ओसरीवर शेणाने सारवलेलं, चूल पेटलेली, आणि परातीत भाकरीच्या पिठाचा मोठा गोळा मळून ठेवलेला. एवढा कुणासाठी विचारलं तर सूनबाई म्हणाल्या, सकाळी अकरा जणांचा ग्रुप आला होता, न सांगता, लगेच जेवण पाहिजे म्हणाले, चूल पेटवून, पिठलं करून पीठ मळेपर्यंत अर्धा तास गेला, तेवढ्यात त्यांना उशीर होतोय म्हणून निघून गेले. स्पीकर मात्र दुसऱ्या टोकाला गेल्यावरही ऐकू येत होता म्हणे. ते पिठलं मग आम्ही दोघांनी खाल्लं, जेवढं जाईल तेवढं. बाकीचं घरातल्यांनी संध्याकाळी खाल्लं असेल. सांगताना त्या चिडल्या नाहीत, उलट पिठल्यावर तेल वाढत होत्या, आणि तेच तेल मघाशी डोक्यावरून वर आलेलं मी बघितलं होतं. घास गिळायला जरा जडच गेला.

निघताना मावशींना विचारलं, पुढच्या वेळी काय आणू? म्हणाल्या, "आधी फोन करा, म्हंजे सांगते काय पायजे ते. फुकट नको, पैशे देते, नुस्तं वर आना."

माझं म्हणणं एवढंच. तुमच्या चौकटीत 'जेवणाची सोय होते' असं लिहिलंय. सोय होत नाही हो, कुणीतरी ती डोक्यावर वाहून आणतं. तिथे लिहा की आदल्या दिवशी फोन करून किती माणसं ते सांगा, खालून काही आणायचं आहे का विचारा, आणि सांगितलंत तर जेवून जा. आणखी एक ओळ गियर नसलेल्या गाडीवाल्यांसाठी टाका. उतरताना मी सारखा ब्रेक दाबून ठेवला, तिसऱ्या वळणावर लिव्हर हाताला लागेपर्यंत दाबला तरी गाडी थांबेना, शेवटी डोंगराच्या कडेला मातीत घालून थांबवली. मागून दुधाची किटली लावलेला एक पोरगा आला, चाकाजवळ वास घेतला आणि म्हणाला, जळलाय, पंधरा मिनिटं गार होऊ द्या, मग थांबत थांबत उतरा. तसंच उतरलो.

मावशींचा नंबर माझ्याकडे आहे पण छापू का असं त्यांना विचारलेलं नाही, म्हणून देत नाही. तुमच्या प्रतिनिधीने एकदा वर जाऊन घराघरात विचारून, ज्यांची हरकत नाही त्यांचे नंबर छापावेत. जाताना खिंडीत कुणी पोतं घेऊन चढत असेल तर अर्धं त्याने घ्यावं.

आपला एक वाचक,
धनकवडी, पुणे