साहेब, वर्ल्ड कपच्या फायनली नेरुळात, आणि नेरुळची खेळाडू परराज्यात

मा. क्रीडामंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार. (हे पत्र पोचेपर्यंत खातं तुमच्याकडेच असेल असं धरून लिहितेय, नसेल तर पुढच्यांच्या टेबलावर ठेवा प्लीज.)

मी नेरुळला राहते, महापेला एका कंपनीत अकाउंट्सला आहे आणि माझी धाकटी बहीण प्रोफेशनल फुटबॉलर आहे. हे मी सोसायटीत कोणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "हो का, छान छान, पण करते काय?" अहो काकू, हेच करते. राइट बॅक खेळते, म्हणजे उजव्या बाजूची बचावाची जागा. मागच्या सीझनला दक्षिणेतल्या एका क्लबने तिला घेतलं, कॉन्ट्रॅक्ट मेलवर आलं, मी ऑफिसातून प्रिंट काढून आणलं, आणि बाबांनी जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून पानन्पान वाचलं, मग परत पहिल्यापासून चाळलं. म्हटलं काय शोधताय, तर म्हणाले इन्शुरन्सचं पान कुठाय. ते पान नव्हतंच.

सत्कार-बित्कार काही नकोय आम्हाला, शाल-नारळ तर अजिबातच नको. मला एक विषय मांडायचाय आणि तो आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. डी. वाय. पाटील स्टेडियम.

३० ऑक्टोबर २०२२ ला तिथे मुलींच्या अंडर-१७ वर्ल्ड कपची फायनल झाली, स्पेन विरुद्ध कोलंबिया. बहीण मैत्रिणींबरोबर गेली होती. स्पेन १-० ने जिंकलं, तोही शेवटी शेवटी कोलंबियाच्याच एका पोरीच्या पायाला लागून झालेला सेल्फ गोल, पण घरी आल्यावर हिच्या तोंडी स्पेनचं नावच नाही, नुसतं लिंडा काइसेडो, लिंडा काइसेडो. कोलंबियाची ती मुलगी तेव्हा १७ वर्षांची, म्हणजे हिच्याच वयाची. नंतर मी वाचलं तिच्याबद्दल. २०१९ मध्ये, १४ व्या वर्षी, ती अमेरिका दे काली या क्लबकडून तिकडच्या प्रोफेशनल लीगमध्ये खेळत होती आणि त्याच वर्षी तो क्लब चॅम्पियन झाला. १५ व्या वर्षी ओव्हरीचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, बरी होऊन परत मैदानात आली. नेरुळची फायनल झाल्यावर चार महिन्यांत, १८ पूर्ण झाल्या झाल्या, रियाल माद्रिद. म्हणजे आमच्या नेरुळला ती आली तेव्हा तिच्या गाठीशी तीन वर्षांची लीग होती.

आणि गंमत बघा, कोलंबियाची महिला लीग सुरू झाली २०१७ ला. आपली इंडियन विमेन्स लीग? तिची पहिली मुख्य फेरी जानेवारी २०१७. वर्ष तेच! कोलंबिया काही सोन्याच्या विटा विकणारा देश नाही, तिथल्या मुली पण लीग छोटी आहे, पैसे कमी आहेत म्हणून भांडतच असतात. पण १४ वर्षांच्या मुलीला घराजवळच्याच शहरात प्रोफेशनल क्लब मिळाला, हे तिकडे घडलं.

इकडे काय घडलं ते सांगते. बहीण बारा वर्षांची होईपर्यंत मुलांच्या बॅचमध्ये खेळली, नंतर अकॅडमीवाले म्हणाले आता मुलींची बॅच झाली की कळवतो. अजून कळवतायत. मग तासाला हजार-दीड हजार देऊन टर्फ, म्हणजे खोट्या गवताचं भाड्याचं मैदान, तेही चार-पाच घरांनी कॉन्ट्रिब्युशन काढून, आणि संध्याकाळचे सगळे स्लॉट बॉक्स क्रिकेटवाल्या आयटीच्या पोरांनी आधीच उचललेले, त्यामुळे या पोरींना पहाटे साडेपाच नाहीतर रात्री दहा. टर्फवरचे ते काळे रबराचे बारीक दाणे असतात ना, ते मोज्यातून घरभर, बाथरूमची जाळी तुंबलेली, आणि घसरून गुडघा खरचटला की रात्री चादर जखमेला चिकटायची, सकाळी पाणी लावून लावून सोडवायची. मॅच असली की वांद्र्याचं नेव्हिल डिसूझा ग्राउंड नाहीतर थेट दक्षिण मुंबईतलं कूपरेज. हार्बरच्या लेडीज डब्यात किटबॅग घेऊन चढून बघा एकदा, बुटाचा स्टड कोणाच्या पायाला लागला की वडाळा येईपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

बरं, एवढं करून प्रोफेशनल झाली. आता प्रोफेशनल म्हणजे काय ते ऐका, मी अकाउंट्सवाली आहे, आकडे माझ्याने सुटत नाहीत. २०२४-२५ च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये ८ टीम होत्या, प्रत्येकीला १४ मॅच, जानेवारीत सुरू आणि एप्रिलमध्ये खेळ खल्लास. त्या आठांत महाराष्ट्राची एकही टीम नाही. त्याच्या आदल्या वर्षी सात टीम होत्या, तेव्हाही नाही. भारतीय फुटबॉल फेडरेशनने २०२३ मध्ये नियम आणला की क्लबने किमान १० मुलींना वर्षाला किमान ३ लाख २० हजार द्यायचे. चांगला नियम आहे, नाही म्हणत नाही, पण टीम अकराची असते ना हो? अकरावीने काय करायचं? आणि बेंचवरच्यांनी? आमची त्या दहांत नाहीये. तिचं कॉन्ट्रॅक्ट सीझनपुरतं, सीझन संपला की बॅग भरून घरी, पुढे बोलावतील की नाही ते क्लब सांगेल तेव्हा. मधल्या महिन्यांत फिटनेस तर ठेवायलाच लागतो, मॅच खेळायलाच लागतात, म्हणून मिळेल ती लोकल टुर्नामेंट खेळायची. गेल्या पावसाळ्यात अशाच एका टुर्नामेंटमध्ये गुडघा वळला. एमआरआय, फिजिओ, सगळं बाबांच्या पीएफमधून. क्लब म्हणाला आमच्या ड्युटीवर नव्हती. कागदावर बरोबरच आहे त्यांचं.

क्रिकेटबद्दल मी जळत नाहीये हे आधीच सांगते. २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या पोरींनी इथेच, डी. वाय. पाटीलवर, क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा आम्ही पण मध्यरात्री पाम बीच रोडवर नाचत होतो, आई सुद्धा. पण तो कप त्या एका रात्रीत आला का? बीसीसीआयने २००६ मध्ये महिला क्रिकेट हातात घेतलं, मग वर्षानुवर्षं राज्यांच्या टीम, वयोगटांच्या स्पर्धा, आणि २०२३ ला डब्ल्यूपीएल, म्हणजे मुलींची आयपीएल, तिची पहिली मॅच पण याच मैदानावर. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला पहिल्या लिलावात ३ कोटी ४० लाख मिळाले, मिळायलाच हवेत. फुटबॉलच्या पोरींना कोटी नकोत, बारा महिन्यांचं काम हवंय.

भारताच्या फुटबॉलच्या पोरींनी पण जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच घरात २-१ हरवून आशिया कप गाठला, क्वालिफायर खेळून पहिल्यांदाच, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. तुमच्या बंगल्यावर किती जणांना माहीत होतं? आमच्या बिल्डिंगमध्ये फक्त आमच्या घरात.

तर मागणं असं. महाराष्ट्राची स्वतःची प्रोफेशनल महिला फुटबॉल लीग सुरू करा, राष्ट्रीय लीग बंद असते त्या महिन्यांत. कोल्हापूर, पुणे, नागपूर, मुंबई, ठाणे, एवढ्या ठिकाणांहून टीम निघतील, कोल्हापुरात तर फुटबॉल बघायला लोक भिंतीवर चढून बसतात. आणि खारघरला सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीने, फुटबॉलचं सेंटर ऑफ एक्सलन्स उभं केलंय, तिथे मुलींच्या टीमला संध्याकाळचा फिक्स स्लॉट द्या, पहाटेचा नको. सिडको तुमच्या खात्यात येत नाही हे मला कळतं, पण ज्यांच्या खात्यात येते ते मंत्रिमंडळाच्या बैठकीत तुमच्यासमोरच बसतात ना.

आणखी एक. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाचं विचारायला आम्ही एका ऑफिसात गेलो होतो तर खिडकीवरचे साहेब म्हणाले, क्लबच्या लीगचं सर्टिफिकेट चालणार नाही, शासनमान्य स्पर्धेतलं मेडल आणा. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळणारी मुलगी खेळाडू नाही, आणि चार दिवसांच्या स्पर्धेत तिसरी आलेली खेळाडू? हे तेवढं बघा, त्याला ना मैदान लागतं ना बजेट, एक जीआर लागतो.

विम्याचं पण तसंच. राज्यातल्या रजिस्टर्ड मुली आहेत किती अशा, त्यांचा ग्रुप इन्शुरन्स काढला तर प्रीमियम किती येईल ते मी स्वतः दोन कंपन्यांकडून कोटेशन मागवून तुमच्या ऑफिसला पाठवते, फुकट, फक्त पत्ता कळवा.

बहीण सध्या वाशीच्या एका जिममध्ये फ्रंट डेस्कला बसते, सकाळची शिफ्ट. क्लबचा फोन अजून आलेला नाही. जिमवाले म्हणतायत पर्मनंट हो, पगार वाढवतो, आणि तिने त्यांच्याकडून महिनाअखेरपर्यंतची मुदत मागून घेतलीय. तुमच्याकडून काही उत्तर येणार असेल तर त्याआधी येऊ द्या.

आपली,
एका राइट बॅकची ताई, नेरुळ, नवी मुंबई