आधी तेलाचं तापमान मोजा, मग ऑइल कूलर बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च लागला की जुन्या बुलेटला ऑइल कूलर, म्हणजे इंजिनाचं तेल वाऱ्यावर थंड करणारा छोटा रेडिएटर, बसवून देण्याची कामं वाढतात. भंगारातल्या पल्सर २२० चा कूलर, दोन मीटर पाइप, चार क्लिपा आणि अर्धा दिवस, एवढ्यात काम उरकतं. यातल्या निम्म्याहून अधिक गाड्यांना कूलरची गरजच नसते. ज्यांना असते, त्यांच्यावर तो बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी जोडलेला असतो. या विषयावर मराठीत नेमकं लिहिलेलं फारसं सापडत नाही, म्हणून हे पत्र.

एअरकूल्ड इंजिनात हेड (सिलिंडरचा वरचा भाग) आणि ब्लॉकची (खुद्द सिलिंडरची) बरीचशी उष्णता फिन्समधून (बाहेरच्या पात्यांमधून) थेट हवेत जाते. तेल उचलतं ती पिस्टनच्या पोटाची, बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगची), व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅम आणि रॉकरची उष्णता. कूलर थंड करतो ते तेल; हेडवर त्याचा परिणाम होतो तो आडून आणि थोडाच. शिवाय काम करायला त्याला वारा लागतो. सिग्नलला उभ्या गाडीचा कूलर म्हणजे नुसतं जास्तीचं वजन, त्यामुळे पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापते म्हणून कूलर बसवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. फायदा दिसतो तो विदर्भातल्या उन्हात ऐंशी-नव्वदच्या वेगाने तास-दोन तास सलग चालवताना. तिथेही तेल १० ते १५ अंशांनी उतरलं तर कूलरने आपलं काम केलं असं समजावं. आरएक्स १०० किंवा जुनी येझदी घेऊन कूलरची चौकशी करणारेही भेटतात. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलबरोबर जळून जातं, फिरत राहत नाही. तिथे थंड करायला तेल उरतंच कुठे?

पहिलं काम मोजण्याचं. अर्धा तास सलग चालवून गाडी थांबवा आणि लगेच डिपस्टिकच्या भोकातून तारेचा थर्मामीटर तेलात सोडा. ९० ते ११० अंश सेल्सिअस आलं तर इंजिन निरोगी आहे. १२० पर्यंत काळजी नाही. नेहमीच १३० च्या वर जात असेल तर मात्र कूलरचा विचार करावा, कारण तेवढ्या उष्णतेत साधं मिनरल तेल झपाट्याने बिघडतं. दर दहा अंशांमागे तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. इन्फ्रारेड गनने मोजणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं : चकचकीत अॅल्युमिनियमवर ती गन बरंच कमी तापमान दाखवते. ड्रेन नटाजवळ काळ्या मॅट रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्या आणि त्यावर गन धरा.

आकडा जास्त आला तरी पाना उचलून कूलर कसायला धावू नये, तापण्याचं कारण आधी शोधावं. सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते पातळ मिक्श्चर, म्हणजे हवेच्या मानाने कमी पडणारं पेट्रोल. फ्री-फ्लो सायलेन्सर लावला, एअर फिल्टर उघडा केला आणि कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा जेट मात्र मूळचाच ठेवला, की प्लग पांढरा पडतो आणि इंजिन भट्टीसारखं तापतं. कार्बोरेटर आणि हेडमधल्या रबराला तडा गेला असला तरी हेच होतं. प्लगच्या ठिणगीचं टायमिंग मागे पडलं असेल तर ज्वाला उशिरा पेटते आणि उष्णता एक्झॉस्टकडच्या बाजूला साठते. घट्ट टॅपेट (व्हॉल्व्हला हवी ती फट न उरणं), घासणारा ब्रेक, घसरणारा क्लच, ओढून बसवलेली चेन यांतलं एकही कारण पुरतं. फिन्समध्ये वाळलेला चिखल किंवा त्यांवर चढवलेला जाड पावडर कोट उष्णता अडवून धरतो. जुन्या बुलेटचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा. अॅल्युमिनियमच्या मानाने लोखंड उष्णता बरंच हळू वाहतं, त्यामुळे त्या गाडीच्या फिन्स स्वच्छ ठेवणं हाच निम्मा इलाज आहे.

एवढं करूनही तापमान उतरत नसेल तर कूलर. मग प्रश्न येतो की तेल घ्यायचं कुठून आणि सोडायचं कुठे, आणि बहुतेक कामं इथेच फसतात. स्वतंत्र तेलटाकी असलेल्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत, म्हणजे ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टनमध्ये, इंजिनातून टाकीकडे परतणारी नळी बाहेरून जाते. कूलर त्या परतीच्या नळीत बसवला की बेअरिंगकडे जाणाऱ्या दाबाला धक्का लागत नाही. बुलेटच्या जुन्या इंजिनात तेलाची टाकी चेंबरच्याच (इंजिनाच्या खालच्या घराच्या) ओतकामात आहे आणि परतीची वाट आतून जाते. बाहेर दिसते ती हेडकडे जाणारी बारीक नळी. म्हणून मेकॅनिक तीच कापून मध्ये कूलर घालतात. त्या नळीतून रॉकरपुरतं थोडंसं तेल जातं. तेवढंच तेल थंड केल्याने चेंबरमधल्या दोन-सव्वादोन लिटर तेलात फरक पडत नाही. उलट सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर रॉकरला तेल पोचायला उशीर होतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे दाबाच्या वाटेला तीन तोंडांची टी लावून एक फाटा कूलरमधून थेट चेंबरमध्ये मोकळा सोडणं. तेल सोपी वाट धरतं. आठ मिलिमीटरचा मोकळा पाइप समोर असताना ते हेडच्या बारीक भोकातून कशाला चढेल? थोड्याच दिवसांत रॉकर कोरडे पडून खटखट सुरू होते आणि गिऱ्हाइकाला सांगितलं जातं की टॅपेट वाजतायत. असा फाटा ठेवायचाच असेल तर त्यात एक-दीड मिलिमीटर भोकाचा जेट घालावा लागतो. मग कूलरमधून इतकं थोडं तेल जातं की एवढा खटाटोप कशासाठी केला असं वाटतं. परतीची नळी बाहेरून नसलेल्या इंजिनांना नीट पद्धत एकच : पंप, फिल्टर, कूलर आणि मग गॅलरी (बेअरिंगकडे तेल नेणारी मुख्य वाट), अशी सरळ साखळी. ज्या इंजिनाच्या फिल्टरच्या झाकणाजागी दोन तोंडांचं अडॅप्टर बसतं, त्यालाच हे जमतं. ज्याला बसत नाही, त्या गाडीला कूलर न लावलेला बरा. २०१६ साली आलेल्या रॉयल एनफील्डच्या हिमालयनला कारखान्यातूनच कूलर होता, पण त्या इंजिनाचा पंप आणि तेलाच्या वाटा कूलर धरूनच आखलेल्या होत्या.

थर्मोस्टॅट, म्हणजे तेल तापल्यावर कूलरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, हवाच. ८० ते ८५ अंशांना उघडणारा घ्यावा. बंद असतानाही त्यातून थोडं तेल कूलरकडे झिरपत राहतं, ते योग्यच आहे, कारण त्यामुळे कूलर अगदी गार राहत नाही. थर्मोस्टॅट नसेल तर डिसेंबरात नाशिककडच्या पहाटे तेल ६० अंशांपलीकडे जात नाही. तेलातलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही आणि झाकणाखाली दुधट चिकटा जमतो. इंजिन थंड राहिलं म्हणून मालक खूश असतो आणि आत कॅम झिजत असतो. थर्मोस्टॅटच्या घरावर आत-बाहेरच्या खुणा असतात, त्या पाळाव्यात. कूलरला तशी दिशा नसते; फक्त तोंडं बाजूला येत असतील तर तेल खालून आत आणि वरून बाहेर जाऊ द्यावं, म्हणजे हवा अडकत नाही.

३५० सीसीच्या एका सिलिंडरला नळ्यांच्या पाच ते सात ओळींचा छोटा कूलर पुरतो. जुना घ्यायचा तर इंजिन जाम झालेल्या गाडीचा कधीच घेऊ नये. त्यात अडकलेला धातूचा चुरा कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही आणि पहिल्याच दिवशी बिग एंडमध्ये जातो. बाकीचे कूलर रॉकेलने उलट्या दिशेने धुऊन, हवा मारून, चार बारच्या दाबाने दहा मिनिटं पाण्यात बुडवून तपासावेत. आमच्या उद्यमनगरात कुठलाही रेडिएटरवाला हे करून देतो.

पाइप तेलाचाच हवा, आतून किमान आठ मिलिमीटरचा, टोकं क्रिम्प केलेली (मशीनने दाबून बसवलेली). पेट्रोलचा किंवा पाण्याचा पाइप गरम तेलाने फुगतो आणि क्लिपेतून निसटतो. सायलेन्सरच्या बेंडपासून तीन सेंटिमीटर लांब ठेवावा. बँजो बोल्टला (नळीचं कडं धरणाऱ्या पोकळ बोल्टला) दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर घालावेत, एम-१० ला (दहा मिलिमीटरच्या बोल्टला) १५ ते २० न्यूटन-मीटर बस. त्याहून जास्त ताणलं तर अॅल्युमिनियमचे आटे जातात. टेफ्लॉन टेप लावू नये, तिचे तुकडे तेलाच्या भोकात अडकतात.

कूलर पुढच्या उभ्या नळीवर क्लँपने आणि रबरी बुशांवर बसवावा. फ्रेमला ब्रॅकेट वेल्ड करू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी कमजोर होते आणि एका सिलिंडरच्या थरथरीने कडक बसवलेला कूलर तडकतो. हेडच्या फिन्ससमोर तो आडवा आला तर जे काम फिन्स फुकट करत होत्या तेच अडतं, म्हणून चार-पाच सेंटिमीटर फट सोडून वरच्या बाजूला न्यावा. उडणारी खडी लागू नये म्हणून पुढे जाळी लावावी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल अशा बदलांना मनाई करतं. कूलरने तसं काही बदलत नाही, पण फ्रेम कापून-जोडून घेणाऱ्यांनी आरटीओत आधी विचारावं.

जोडणी झाल्यावर कूलरमध्ये आधीच तेल भरून घ्यावं. पाइपांसह दीड-दोनशे मिलिलिटर तरी लागतं. प्लग काढून, स्विच बंद ठेवून, हेडकडे जाणाऱ्या नळीच्या बोल्टपाशी तेल दिसेपर्यंत किक मारावी. मग तीन मिनिटं आयडलवर चालवून बंद करावी, पाच मिनिटांनी पातळी पाहून गरजेपुरतं तेल घालावं. वरच्या खुणेपलीकडे भरलं तर ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेल एअर फिल्टरकडे जातं. पन्नास किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत आणि पाइपांवरून पांढरा कागद फिरवावा. कागदावर डाग आला तर गाडी तिथेच उभी करावी, कारण तो पाइप सुटला की तेल जातं ते सरळ मागच्या टायरवर.

आपला,
एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर