चंदेरी दिसेनाशी होण्याआधी : हवा मोजण्याच्या यंत्रांसाठी बदलापूरकरांना आवाहन

सस्नेह नमस्कार.

बदलापूर पूर्वेच्या कुठल्याही उंच गच्चीवरून चंदेरी किल्ल्याचा सुळका दिसतो. पाऊस ओसरला की पहिले काही दिवस तो इतका लख्ख असतो की कातळावरच्या घळीसुद्धा मोजाव्यात. मग डिसेंबर येतो आणि सकाळी साडेसातला त्या जागी राखाडी पडदा असतो. शाळेच्या व्हॅनची वाट पाहणारी आई मुलाला सांगते, "धुकं पडलंय, कान झाक." ते धुकंच असतं का, हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात आमच्या नागरिक समितीच्या बैठकीत निघाला आणि आजचं हे आवाहन तिथूनच सुरू झालं.

जानेवारीत आम्ही एक घरगुती प्रयोग केला. खोबरेल तेलाचं बोट फिरवलेल्या सहा स्टीलच्या ताटल्या सहा इमारतींच्या गच्चीवर चोवीस तास ठेवल्या. काटई–कर्जत रस्त्यालगतच्या ताटलीत बोटाला टोचेल अशी खडीची भुकटी जमली. बांधकामाशेजारच्या ताटलीवर सिमेंटची पांढुरकी साय धरली होती. नदीकडच्या, रस्त्यापासून लांब असलेल्या गच्चीवरची ताटली मात्र जवळजवळ स्वच्छ निघाली. आम्हाला हायसं वाटलं. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आठ वर्षांची एक मुलगी राहते. त्या आठवड्यात तीन रात्री तिला नेब्युलायझर लावावा लागला होता. तिच्या आजीने ती ताटली हातात घेतली, उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "मग हिच्या छातीत काय जातंय?"

समितीतल्या निवृत्त रसायनशास्त्राच्या सरांनी तेव्हा समजावून सांगितलं ते असं. ताटलीत पडते ती जाड धूळ. नाकाला आणि घशाला ती त्रास देते, पण वजनामुळे लवकर खाली बसते. फुप्फुसात खोलवर उतरतात ते पीएम २.५ म्हणून ओळखले जाणारे कण, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे. ते कितीतरी वेळ तरंगत राहतात आणि वाऱ्यावर कोसन् कोस जातात. आपल्या ताटलीला ते सापडणारच नव्हते. त्या मुलीचा दमा हवेमुळेच बळावला असं आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही, तो निवाडा डॉक्टरांचा. पण ती राहते तिथल्या हवेत काय आहे, हे तिच्या घरच्यांना कळलंच पाहिजे.

ही हवा येते कुठून, हे बदलापूरच्या जागेवरून समजतं. दुपारी खाडीकडून वारा सुटतो आणि ठाणे, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ ओलांडत आपल्याकडे येतो. एका अंगाला मलंगगड, चंदेरी, माथेरानची रांग. दुसऱ्या अंगाला बारवीचं जंगल आणि त्यामागे सह्याद्री. मधल्या उल्हास खोऱ्यात ती हवा शिरते. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर गार होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, वारा पडतो. मग रात्रभरात जे जळेल, जे सुटेल ते सकाळपर्यंत खोऱ्यातच कोंडून राहतं. वाटेत हवेची घडणही बदलते. कारखान्यांतून निघालेला सल्फर डायऑक्साइड, गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड हे सुटतात तेव्हा वायू असतात. काही तासांच्या प्रवासात त्यांचेच सल्फेट आणि नायट्रेटचे बारीक कण बनतात. म्हणजे धूर एका शहराचा आणि कण दुसऱ्या शहराच्या वाट्याला. पहाटे खोऱ्यातून खाली वाहणारी गार हवा आपल्याकडचा धूरही अंबरनाथ-कल्याणकडे नेते, हेही तितकंच खरं. शेजाऱ्यांकडे बोट दाखवून आपली सुटका नाही.

वाढीला आमचा विरोध नाही. आमच्यापैकी बहुतेकांची मुळं गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींत. तिथून डोंबिवली, डोंबिवलीचे भाव झेपेनात म्हणून बदलापूर. २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेलं हे गाव २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. त्यानंतर उठलेले टॉवर आपण रोज पाहतो. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरचा प्रवास करणाऱ्यांची लोकल विजेवर चालते, हे त्यातलं भलं. पण मुंबईत न परवडणारं घर इकडे सरकलं, तशी त्या घरामागची खडी, रेडीमिक्स काँक्रीटचे प्लांट, डंपर आणि राडारोडाही इकडे सरकला. रात्री रस्त्याकडेला कचरा पेटतो, उन्हाळ्याच्या तोंडावर टेकड्यांना वणवे लागतात. शहर एक झालं की धूरही एक होतो.

कारभार मात्र तुकड्यातुकड्यांनी चालतो. दादरहून बदलापूर लोकलमध्ये बसलात तर उतरेपर्यंत चार महापालिका आणि दोन नगरपरिषदांच्या हद्दी ओलांडता. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबई नागरी समूहाची लोकसंख्या १ कोटी ८४ लाख मोजली गेली, त्यात बदलापूरही धरलं होतं. माणसं मोजताना आपण सगळे एक. हवेचा प्रश्न आला की प्रत्येक शहर वेगळं. केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्याच्या यादीत मुंबई, ठाणे, नवी मुंबई, वसई-विरार, उल्हासनगर आणि बदलापूर अशी नावं आहेत. आराखडे मात्र ज्याचे त्याचे. मुंबई महापालिकेने २५ ऑक्टोबर २०२३ ला बांधकामांसाठी नियम काढले, ७० मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती ३५ फुटी पत्रे सक्तीचे केले. आमच्या गल्लीतल्या चौदा मजली बांधकामाला जे हिरवं कापड होतं, ते पहिल्या वादळात फाटलं आणि आजही कमरेइतकंच लोंबतंय.

एकत्र काम केल्याने फरक पडतो याचे दाखले आहेत. बीजिंगने आपला मोठा पोलाद कारखाना शेजारच्या हेबेई प्रांतात हलवला, २०१० अखेर शहरातलं पोलाद उत्पादन थांबवलं, तरी आकाश निवळलं नाही. २०१३ मध्ये बीजिंग, तियानजिन आणि हेबेई यांना एकाच आराखड्यात बांधलं. बीजिंगमधलं पीएम २.५ चं वार्षिक प्रमाण त्या वर्षी घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होतं, ते २०१७ पर्यंत ५८ वर आलं. आपली राष्ट्रीय मर्यादा ४०, जागतिक आरोग्य संघटनेची ५. दिल्ली आणि लगतच्या राज्यांसाठी २०२१ मध्ये कायद्याने एक आयोग नेमला गेला. मुंबई महानगर प्रदेशाच्या हवेसाठीही असा एकच अधिकार असलेला आराखडा हवा, ही आमची मागणी. ती घेऊन जाताना हातात रिकामी ताटली नको, आकडे हवेत.

कात्रपमध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळाचं स्वयंचलित केंद्र आहे. त्याचे आकडे आम्ही मानतो. पण ते एका जागेची हवा सांगतं. रेल्वेच्या दोन्ही बाजूंना, खरवईपासून नदीपलीकडच्या गावठाणांपर्यंत पसरलेल्या शहराचं काय? म्हणून पीएम २.५ मोजणारी दहा छोटी यंत्रं बसवायची आहेत : सात बदलापुरात, तीन अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या मित्रांच्या गच्चीवर. पेटी, बॅटरी, सिमकार्ड आणि वर्षभराची देखभाल धरून एका यंत्राला अंदाजे १८ हजार रुपये, दहांना १ लाख ८० हजार. समितीच्या सभासदांकडून ६२ हजार जमले आहेत. उरलेल्या १ लाख १८ हजारांसाठी तुमच्यापुढे पदर पसरतो आहोत.

ही स्वस्तातली यंत्रं आहेत. दमट हवेत ती आकडा फुगवून दाखवतात. म्हणून बसवण्याआधी दोन आठवडे ती अधिकृत केंद्राच्या जवळात जवळ ठेवून आकडे ताडून पाहू, आणि वर्षातून दोनदा पुन्हा तसंच करू. त्यांच्या नोंदीवर कोणाला दंड होणार नाही. पण धूर किती वाजता चढतो, वारा कुठला असताना चढतो, तो आधी अंबरनाथला दिसतो की खरवईला, हे त्यातून कळेल आणि तक्रार नेमक्या ठिकाणी नेता येईल.

शंभर रुपयांपासून कितीही द्या, पावती मिळेल. बांधकाम व्यावसायिक, खडी क्रशर आणि कारखाने यांच्याकडून आम्ही पैसे घेणार नाही. आयकरातली ८०जी सवलत आमच्या देणगीला लागू नाही. परदेशी चलन घेण्याची परवानगीही आमच्याकडे नाही; दुबईत किंवा अमेरिकेत असलेल्या बदलापूरकरांनी इथल्या आई-वडिलांच्या हस्ते द्यावं. हिशेब दर तीन महिन्यांनी फलकावर लागेल.

पैशांइतकीच गच्चीची गरज आहे. कठड्याजवळ एक प्लग, वर छोटंसं छप्पर आणि आठवड्यातून एकदा पेटी पुसणारा एक माणूस, एवढं पुरे. टाकीच्या पंपापासून आणि स्वयंपाकघराच्या चिमणीपासून जागा लांब असावी. आकडेमोड जमणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींनी यावं. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांनी रोज धाप लागून आलेले किती रुग्ण तपासले, एवढा आकडा नावांशिवाय दिला तर फार मोलाचं होईल. माहितीच्या अधिकाराचे अर्ज नेटके लिहिणारं कोणी असेल तर आम्ही शोधातच आहोत.

दिवाळीच्या फटाक्यांआधीची हवा नोंदली गेली पाहिजे, म्हणून पहिली चार यंत्रं नवरात्रात बसवायची आहेत. समितीचं कार्यालय रविवारी सकाळी ९ ते ११ उघडं असतं. गच्ची द्यायची असेल तर सोसायटीच्या सचिवांचं दोन ओळींचं संमतीपत्र आणि गच्चीचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन या. फोटोत चंदेरीची दिशा येऊ द्या.

आपली,
नागरिक समिती, बदलापूर पूर्व