खोडण्याआधी कारण तरी लिहा की ओ

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

विकिपीडियावर सोलापूरबद्दल लिहिणारी पोरं दिसायला लागलीत, बरं वाटतं, पण लिहिण्यापेक्षा एकमेकांचं खोडण्यातच वेळ चाललाय म्हणून हे पत्र. आधी माझंच सांगतो. सोलापुरी चादरीवरचा एक अख्खा लेख मी पेपरातून उचलून तिथं चिकटवला (तुमच्या नाही, दुसऱ्या पेपरातून). दहा मिनिटात कुणीतरी उडवला. डोकं फिरलं, परत टाकला, परत उडाला, असं तीनदा झालं, मला वाटलं पुण्याबिण्याचा कोणी शहाणा आपल्या गावावर खार खाऊन आहे. शेवटी 'इतिहास पहा' वर क्लिक केलं तर त्या माणसाने दरवेळी शेजारी लिहून ठेवलं होतं, कॉपीराइट आहे, स्वतःच्या शब्दांत लिहा. माझ्या नावासमोर मात्र कारणाची जागा तिन्ही वेळा रिकामी. लाज वाटली खरं सांगतो.

ती कारणाची ओळ फार कामाची असते. आपले चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. समजा उद्या कुणी ती तारीख बदलली आणि खाली ना संदर्भ ना कारण, तर पुढच्याने चूक दुरुस्त केली समजायची का मस्ती केली समजायची? आणि तुम्हाला शंका आली तरी लगेच उलटवत (म्हणजे समोरच्याचा बदल रद्द करत) बसू नका, चर्चापानावर विचारा, शेवटी चार टिल्डा (~~~~) टाका म्हणजे सही आणि वेळ आपोआप येते. इंग्रजी विकिपीडियावर तर एका पानावर २४ तासांत ३ पेक्षा जास्त वेळा उलटवलं की ब्लॉक होऊ शकतं, मग तुमचं म्हणणं बरोबर का असेना. नवीन असाल तर आधी धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) हात साफ करा, झलक बघा, मग सेव्ह करा.

दुसरं म्हणजे नगरसेवकांच्या नावामागे 'कार्यसम्राट' लावणं बंद करा. चौकातल्या फ्लेक्सवर चालतं ते. शेंगा चटणीच्या परिच्छेदात स्वतःच्या दुकानाचा मोबाईल नंबर घालणाऱ्यांना तर काय बोलायचं, चटणी चांगली असेल ओ, पण तो ज्ञानकोश आहे.

जुन्या लोकांनाही सांगायचंय. नव्या माणसाला चावू नका असा विकिपीडियाचा स्वतःचाच सल्ला आहे. पोरगं पहिल्यांदा गड्ड्याच्या यात्रेवर चार ओळी लिहितं, शुद्धलेखन चुकतं, तर ऱ्हस्व दीर्घ सुधारून द्या ना, सगळंच कशाला पुसायचं? मला त्या माणसाने तीनदा उडवूनसुद्धा चर्चापानावर 'तुम्ही सोलापूरचे आहात तर यंत्रमागाबद्दल लिहा, आम्हाला इथून दिसत नाही' असं लिहिलं होतं, म्हणून मी टिकलो, नाहीतर त्याच दिवशी अकाउंट सोडलं असतं.

चादरीचा परिच्छेद आता स्वतःच्या शब्दांत धूळपाटीवर लिहून ठेवलाय. फक्त जेकॉर्ड (नक्षी विणायचं यंत्र) लावलेल्या मागाचा फोटो हवाय. कुणी स्वतः काढलेला असेल तर कॉमन्सवर (विकिपीडियाला फोटो पुरवणारी साइट) टाका, गूगलवरून उचललेला नको, तो परत उडेल.

आपला,
एक वाचक, साखर पेठ, सोलापूर