पन्नास पिल्लं नकोत, एक खुडूक कोंबडी बघा

नाशिक, ६ जानेवारी

ती. आई-बाबांना शि. सा. न.

बाबा, पन्नास पिल्लांचा बेत आधी बाजूला ठेवा. एक दिवसाच्या पिल्लाला पहिला आठवडाभर ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढं दर आठवड्याला तीन-तीन अंश उतरवत चार-पाच आठवडे, अंगावर पिसं येईपर्यंत. निफाडचा पारा सध्या रोज पेपरात येतोय. रात्री दोनला वीज गेली की बल्बखालची पिल्लं उबेसाठी एकमेकांवर चढतात आणि सकाळी खालची गुदमरून मेलेली निघतात. त्यांच्यासाठी रात्री तीनदा उठणार कोण, गुडघे धरून आई?

त्यापेक्षा शेजारीपाजारी एखादी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, गावरान कोंबडी मिळते का बघा. वनराज-गिरिराज या सुधारित जातींची अंडी जास्त, पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची अंडी हवीत तर गावरान कोंबडीखाली ठेवता येतात.

खरी खुडूक दिवसाही जागा सोडत नाही, हात नेला की पिसं फुलवून कुरकुरते, टोचते, आणि पोटाखालची पिसं गळून कातडी गरम लागते. जागा बदलली की काही जणी उठतात, म्हणून दोन रात्री टाकाऊ अंड्यांवर बसवा. टिकली तर तिसऱ्या रात्री अंधारात खरी अंडी ठेवा. दहा-बारा पुरेत. हाव करून अठरा ठेवली तर कडेची गार पडतात, आणि कोंबडी अंडी सारखी फिरवत असल्यामुळे रोज वेगळीच गार पडतात, म्हणजे सगळाच घाणा बिघडतो. अंडी सात दिवसांच्या आतली, फ्रीजमध्ये न गेलेली, आणि आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असलेल्या घरची घ्या. मळलेलं अंडं धुऊ नका, सरळ बाजूला काढा. धुतल्यावर कवचावरचा पातळ लेप जातो आणि जंतूंना वाट मिळते. आई, रीत म्हणून अंड्यांजवळ खिळा आणि कोळसा ठेवायचाच असेल तर ठेव, माझी हरकत नाही. पण बसवण्याआधी तिच्या पंखांखाली चुलीची चाळलेली राख चोळ. अंगावर उवा असल्या तर ती अर्ध्यातच उठते.

आठव्या रात्री अंडं टॉर्चवर धरा. लाल शिरांचं कोळ्यासारखं जाळं दिसलं तर जीव धरलाय. स्वच्छ पिवळं दिसलं तर काढून टाका, नाहीतर ते सडून फुटतं. दिवसातून एकदा ती वीसेक मिनिटं उठेल, तेव्हा दाणापाणी जवळच असावं. अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. एकविसाव्या दिवसाच्या आसपास कवचाला टोचा पडला की पिल्लू बाहेर यायला पूर्ण दिवस लागू शकतो. बाबा, नखानं सोलून ‘मदत’ करू नका. आतल्या शिरांतलं रक्त आणि बलक तोवर पोटात जायचा असतो. घाई केली तर पिल्लू रक्तस्रावानं जातं. त्याच बलकावर पहिला दिवस निघतो, त्यामुळे खायला घालायची घाई नको.

पिल्लांना चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्यच द्या. लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य स्वस्त वाटलं तरी त्यातलं कॅल्शियम कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही. पाणी उथळ परळात, आत चार गोटे टाकून, नाहीतर बुडतात. कुबट वासाचा मका आणि जुनी शेंगदाणा पेंड अजिबात नको. त्यावरच्या बुरशीचं विष यकृताला लागतं. आणि कांद्याच्या चाळीतला सडका माल त्यांच्यापुढं ओतू नका. कांदा जास्त पोटात गेला की कोंबड्यांच्या लाल पेशी फुटतात. द्राक्षबागेत फवारणी झाली की पुढचे काही दिवस त्यांना तिकडं सोडायचं नाही.

लसीत हयगय नको. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आली की अख्खा कळप झोपतो. सातव्या दिवशी तिच्यावरच्या लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा, आणि आठ-दहा आठवड्यांनी त्याच रोगाच्या आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. बाटली साधारण शंभर मात्रांची येते आणि कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून गल्लीतल्या कोंबड्यावाल्यांनी एकच दिवस ठरवा. दवाखान्यातून आणताना बर्फाच्या थर्मासात. पिशवीत घालून उन्हातून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

तिसऱ्या आठवड्यानंतर विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण. डॉक्टरांना विचारून अँप्रोलियम पाण्यातून द्या, पण खाली अंथरलेलं ओलं तूस बदललं नाही तर औषध वाया. कधी एकदम पाच-सहा पक्षी पटापट मेले तर खाऊ नका, फेकू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला, ते तुम्हा दोघांना आठवत असेलच.

खुराडं बारा पक्ष्यांना सहा बाय चार फूट आणि जमिनीपासून अडीच-तीन फूट वर बांधून घ्या, म्हणजे आईला अंडी काढायला वाकावं लागणार नाही. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डची. ती षटकोनी ‘कोंबडी जाळी’ कोंबड्यांना आत ठेवते, मुंगसाला आणि बोक्याला बाहेर ठेवत नाही. वरचा फूटभर भाग जाळीचाच मोकळा राहू द्या. थंडीत फक्त उत्तरेकडून गोणपाट लावा. सगळीकडून बंद केलं तर विष्ठेचा वायू कोंडतो. सकाळी डोकं आत घातल्यावर डोळे चुरचुरले तर तूस ओलं झालंय असं समजा.

तरीही बाबांना विकतचीच पिल्लं हवी असतील तर पंचवीसच्या वर नको, फेब्रुवारी उजाडेपर्यंत थांबा, आणि बल्ब शंभर वॉटचा जुना पिवळाच आणा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. पुठ्ठ्याचं कडं गोल करा, कोपऱ्यात पिल्लं चेंगरतात. गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नका, पाय फाकतात. बल्बखाली गठ्ठा करून बसली तर बल्ब खाली घ्या, कडेला जाऊन चोच उघडी ठेवू लागली तर वर.

आधी जाळी बसवा, मग कोंबडी आणा. सुताराला कडी बाहेरून आणि दुहेरी लावायला सांगा.

तुमची,
धाकटी