व्हॅरम पर्सीच्या काकांना

प्रिय काका,

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. त्यातला मजकूर मी इंग्रजीत वेगळा कळवतेच आहे, पण कोयनेच्या धरणात ज्यांची गावं गेली त्या आमच्या माणसांना तुमच्याबद्दल कळावं, म्हणून हे मराठीत.

माझ्या बाबांचं गाव ते शाळकरी असताना शिवसागर जलाशयाखाली गेलं. नंतरच्या साठेक वर्षांत सरकारदरबारी त्यांना विचारलं गेलं ते एवढंच: दाखला आहे का? सातबारा कुठाय? पर्यायी जमिनीसाठी खेटे घालताना एका साहेबांनी तर तोंडावर ऐकवलं, "ते गाव आता नकाशावर नाही, तुम्ही सांगाल ते आम्ही खरं का धरायचं?" बाबा त्या दिवसापासून गावाबद्दल बोलायचेच बंद झाले. आम्हा मुलांनाही त्यांनी कधी काही सांगितलं नाही.

आणि तुम्ही! कोण कुठले, इंग्लंडात, यॉर्कशरच्या डोंगराळ भागात व्हॅरम पर्सी नावाच्या एका उजाड गावाजवळ भेटलेले. 1950 पासून 1990 पर्यंत दर उन्हाळ्यात तिथे उत्खनन चाललं. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या हाताखाली खपलेल्या असंख्य हौशी पोरांपैकी तुम्ही एक. किल्ले आणि मठ खणून नाव मिळत असताना ही माणसं चाळीस वर्षं कुळांच्या घरांपाशी बसून राहिली, याचं मला फार अप्रूप वाटतं. तुम्ही आम्हाला गवताखालची जोती दाखवलीत. एकाच छपराखाली एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं, हे ऐकून बाबा पहिल्यांदा हसले. आमच्याकडेही गोठा घरालाच लागून असायचा. एका कुळाचं घर खणता खणता त्याच्याखाली बाराव्या शतकातल्या जमीनदाराच्या वाड्याचं दगडी तळघर निघालं, ती जागाही तुम्ही दाखवलीत. 1500 च्या सुमारास शेवटच्या चार कुटुंबांना मालकाने मेंढ्यांच्या कुरणासाठी उठवलं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा बाबा काठी टेकून उभेच राहिले. मग मला म्हणाले, "यांना सांग, आम्हालाही उठवलं."

मी सांगितलं. अशा वेळी लोक "अरेरे" म्हणतात आणि पुढे चालू लागतात. तुम्ही खिशातून वही आणि पेन्सिलीचा तुकडा काढलात, वहीचं कोरं पान उघडून बाबांच्या हातात दिलंत आणि म्हणालात, "पाटलांचा वाडा कुठे होता, ते दाखवा."

काका, हे आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पोटच्या लेकीनेही नाही.

त्यांचा हात थरथरत होता. तुम्ही वहीखाली स्वतःचा तळहात धरलात. वाडा झाला, चावडी झाली, भैरोबाचं देऊळ झालं. तुमचे प्रश्न थांबेनात: दार कोणत्या दिशेला? राख कुठे टाकायचात? पावसाळ्यात गुरं कुठल्या वाटेने यायची? मी मधे दुभाषी होते, पण थोड्या वेळाने तुम्हा दोघांना माझी गरजच उरली नाही. उकिरडा कुठे होता हे बाबांनी बोटाने दाखवलं तेव्हा तुम्ही इतके खूश झालात, की जणू तिथे उद्याच खणायचंय. शेवटी गावाचं नाव तीनदा म्हणवून घेऊन तुम्ही ते पानाच्या डोक्यावर लिहिलंत आणि खाली तारीख घातलीत. गाव खरं की खोटं, ही शंका तुमच्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

हा साधेपणा कुठून येतो? तुम्ही कुठले अधिकारी नव्हतात, आमचं काही देणंही लागत नव्हतात. समोरचा म्हातारा माणूस खरं बोलतोय असं धरून चालायला पैसे लागत नाहीत, शिक्का लागत नाही. आमच्या कचेऱ्यांमधून एवढं जरी मिळालं असतं, तरी कितीतरी माणसं निवांत मेली असती.

परत आल्यापासून बाबा बोलताहेत. रोज संध्याकाळी माझ्या मुलाला घेऊन बसतात, कुणाच्या परसात फणस होता, कुणाचा बैल मारका होता, सगळं सांगतात. मी फोनवर टिपून ठेवते.

तुमच्या वहीत नदीवरची वाट राहून गेली, याची त्यांना भारी चुटपूट लागलीय. मोठ्या कागदावर नवा नकाशा काढायला घेतलाय. पूर्ण झाला की टपालाने पाठवते. त्यातलं काही कळलं नाही तर खुशाल विचारा, बाबा तुमच्या प्रश्नांची वाट बघताहेत.

तुमची,
लीड्सहून एक लेक