वसतिगृहातील वारली चित्रे : शनिवारी बैठक

सर्व समिती सदस्य व मजला प्रतिनिधींसाठी,

जेवणघर, वाचनखोली आणि जिन्याच्या भिंतींवर चित्रकारांकडून वारली चित्रे काढवून घेण्याबाबत येत्या शनिवारी संध्याकाळी ५ वाजता वाचनखोलीत बैठक आहे. उपस्थिती आवश्यक.

• काम वारली चित्रकारांनाच द्यायचे. या कलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे मूळ प्रदेशाशी जोडलेली कायदेशीर ओळख, आहे. छापील स्टिकरचा प्रस्ताव कृपया आणू नये.

• लग्नातला देवचौक हे पूजेचे चित्र आहे, सजावटीसाठी तो मागायचा नाही. भातलावणी, तारपा या फुंकवाद्यावरचा नाच, आपल्या आवारातली झाडे असे विषय सुचवा. अंतिम निवड चित्रकारांची.

• मोबदला, आगाऊ रक्कम, प्रवास आणि राहण्याची सोय लेखी ठरेल. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढवून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, ते काढवून घेणाऱ्याकडे जातो. हे मला योग्य वाटत नाही. हक्क चित्रकाराकडेच राहील आणि चित्राखाली त्यांचे नाव असेल, असे कलम करारात हवेच. मसुदा वाचूनच या.

• गेरू आणि तांदळाच्या पिठाचा रंग ओलसर भिंतीवर टिकत नाही. ओल आलेल्या भिंतींची मजल्यानुसार यादी गुरुवारपर्यंत वॉर्डन कार्यालयात द्यावी.

– सचिव, वसतिगृह समिती